सोहारचा बेसबॉलवाला

इथे ओमानमध्ये, आमच्या सोहारला, चार मराठी घरं जेवायला जमली, की पानं वाढायच्या आधी कोणीतरी म्हणतंच, "वैशाली, तो मिलिंदचा बेसबॉलचा किस्सा सांग ना." मी विचारते, "कुठला?" आणि तिथेच सगळे हसायला लागतात. घरात रिकामे डबे साठतात ना, तसे हे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि दर वेळी कोणाला तरी एक लागतोच.

मिलिंद म्हणजे माझा नवरा. मूळचा गुहागरजवळचा, इथे एका धातूच्या कारखान्यात मेंटेनन्सला इंजिनिअर आहे. लग्नाआधी कंपनीनं त्याला वर्षभर ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं, समुद्रकाठच्या एका गावात. क्रिकेट घेऊन गेलेला माणूस बेसबॉल घेऊन परत आला. त्या गावाचा निळ्या टोप्यांचा संघ तेव्हापासून त्याचा संघ झाला. संघ बहुतेक वेळा हरतो, पण त्यानं मिलिंदला काही फरक पडत नाही. जपान आमच्या पाच तास पुढे आहे. त्यामुळे तिथली दुपारची मॅच आमच्याकडे शनिवारी सकाळी पोह्यांबरोबर सुरू होते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चालते.

त्याचं एक ठरलेलं मत आहे. कोणी क्रिकेटचा विषय काढला की तो शांतपणे म्हणतो, "क्रिकेट चांगलाच खेळ आहे. फक्त दोन बेस कमी पडले त्याला."

*

पहिला किस्सा तर लग्नाच्याही आधीचा. ठाण्याला आमच्या घरी बघण्याचा कार्यक्रम होता. मोठी माणसं मुद्दाम गॅलरीत गेली आणि आम्हाला दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं. मिलिंद तेव्हा फार हळू बोलायचा. बराच वेळ पंख्याकडे बघून त्यानं विचारलं, "तुम्हाला बेसबॉल आवडतो का?"

मला ऐकू आलं ते फक्त 'बेस' आणि 'आवडतो का'. स्वयंपाकघरातून कान लावून बसलेल्या माझ्या आईलाही तेवढंच ऐकू आलं. मी म्हटलं, "आवडतो, पण घरचा. बाहेरचा तुपकट असतो."

त्याला काय वाटलं कोण जाणे. तो मान हलवत राहिला. तेवढ्यात आई बेसनाच्या लाडवांची ताटली घेऊन आली आणि म्हणाली, "लाजू नका, आणखी आहेत."

त्यानं पुढे मला सांगितलं, "त्या लाडवाकडे बघून मला वाटलं, या घरात विनोदबुद्धी आहे. म्हणून मी होकार दिला." आम्हा मायलेकींना मात्र त्यानं काय विचारलं होतं ते साखरपुड्यानंतर कळलं.

*

इरा चार वर्षांची असताना मिलिंद कामासाठी पुन्हा जपानला गेला आणि येताना एक लाकडी बॅट घेऊन आला. मस्कतच्या विमानतळावर सामान मशीनमधून गेलं आणि तिथल्या ऑफिसरनं बॅग उघडायला सांगितली. मी आणि इरा त्याला घ्यायला गेलो होतो, बाहेर ताटकळत उभ्या. आत काय झालं ते त्यानंच नंतर गाडीत सांगितलं.

ऑफिसर चांगलं हिंदी बोलत होता. बॅट हातात तोलून त्यानं विचारलं, "हे काय आहे?"

"खेळायचं आहे. बेसबॉल."

"बॉल कुठे आहे?"

बॉल नव्हता. मिलिंद बॉल हॉटेलच्या खोलीत विसरला होता. ऑफिसरनं पुन्हा बॅटकडे पाहिलं, मग मिलिंदकडे. नुसता दांडका घेऊन देशात शिरणारा माणूस, त्याला शंका येणारच. म्हणाला, "खेळून दाखव."

मिलिंद बाजूला जाऊन पाय फाकवून, बॅट खांद्यावर घेऊन उभा राहिला. मागची रांग दोन पावलं मागे सरकली. ऑफिसरनं एका कागदाचा बोळा केला आणि हळूच टाकला. मिलिंदनं सगळा जोर लावून बॅट फिरवली. बोळा त्याच्या पोटाला लागून खाली पडला.

ऑफिसरनं बॅट परत बॅगेत ठेवली, चेन लावली आणि म्हणाला, "यल्ला, जा. याच्यानं तू कोणालाही मारू शकणार नाहीस."

*

इराला त्यानं लहानपणापासून खेळ समजावायला सुरुवात केली. आपल्या मुलीनं आपल्या शेजारी बसून मॅच बघावी एवढीच त्याची इच्छा. इराला आधी त्यात काही गोडी नव्हती. ती शेजारी बसायची, पण चित्रं काढत. मिलिंदचं आपलं प्रवचन चालूच असायचं. त्यातलं मुख्य प्रवचन अपयशावरचं. "बघ इरा, हा जगातला सगळ्यात अवघड खेळ. भल्याभल्या बॅटरलाही दहा संधींत तीनदाच जमतं. सात वेळा हुकतो तो. तरी लोक त्याला डोक्यावर घेतात. का? कारण तो पुन्हा उभा राहतो."

इरा मान डोलवायची. आम्हाला वाटायचं, तिचं लक्ष नाही.

ती चौथीत असताना हिंदीची चाचणी झाली. इथल्या शाळेतली आमची मुलं आपसात इंग्लिश बोलतात. मराठी अडखळत येतं आणि हिंदीचा तर आनंदच. पेपर घेऊन ती घरी आली आणि माझ्याकडे न येता सरळ बाबाकडे गेली.

"किती पडले?" त्यानं विचारलं.

"थ्री."

"कितीपैकी?"

"टेन." आणि त्यानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बाबा, म्हणजे मी स्टार आहे ना?"

मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस. तुझं प्रवचन आहे, तूच निस्तर." त्यानं पेपरवर सही केली. पण त्या शनिवारपासून इरा चित्रांची वही न आणता मॅच बघायला बसायला लागली. आपलं काही बाबतीत चांगलं चाललंय, असं तिला वाटलं असावं.

*

सलीम मिलिंदच्याच विभागात आहे. ओमानी, समुद्रकाठच्या सूर गावचा. त्याचे वडील मासेमारी करायचे. मिलिंदनं त्याला एका शनिवारी जेवायला आणि मॅचला बोलावलं. सलीम येताना भरपूर खजूर घेऊन आला आणि सोफ्यावर मांडी घालून बसला.

तासभर झाला. दीड तास झाला. स्कोअर शून्य-शून्य. मी मनात म्हटलं, बिचारा आता निघतोय. पाहुणचार म्हणून मी त्याला विचारलंदेखील, "सलीमभाई, कंटाळलात का? चॅनल बदलू?"

सलीम म्हणाला, "मॅडम, माझे वडील मला होडीत घेऊन जायचे. सकाळी निघायचो, दुपारपर्यंत जाळ्यात काही नाही. मी म्हणायचो, परत जाऊ. ते म्हणायचे, आपण इथे मासे धरायला आलोय की घाई करायला?" मग टीव्हीकडे बोट करून म्हणाला, "ही माणसं घाई करत नाहीत. मला आवडली."

शेवटच्या, नवव्या डावात निळ्या टोपीवाल्यांची एकच धाव झाली आणि ते जिंकले. मिलिंद आणि सलीमनं एकमेकांना अशी मिठी मारली, जणू कारखान्यातली भट्टी वर्षभर बंद पडून आता सुरू झाली असावी. आता कारखान्यात एखादा पंप लवकर दुरुस्त होईना आणि साहेब ओरडायला लागला, की सलीम म्हणतो, "नवव्या डावात होईल, इन्शाल्ला." साहेबाला अजून त्याचा अर्थ कळलेला नाही.

*

मग आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे सासरे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर गावातल्या घरात एकटेच राहत होते. वर्षभर 'येतो, येतो' म्हणत शेवटी हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी आले. येताना दिवाळी अंकांचा गठ्ठा आणला आणि खिडकीजवळची खुर्ची धरली.

बापलेकांचं बोलणं पहिल्यापासूनच कमी. सासूबाई होत्या तेव्हा त्या दोघांच्या मधल्या निरोप्या होत्या. 'अहो, मिलिंद विचारतोय', 'अरे, आप्पा म्हणतायत', असं. त्या गेल्यावर फोनवर दोघं 'जेवलास का', 'जेवलो', 'तुम्ही', 'जेवलो' एवढं बोलून मोकळे व्हायचे. इथे समोरासमोर आल्यावर तर तेवढंही होईना, कारण जेवताना दोघं एकाच टेबलावर असायचे.

जपानचा मोसम तेव्हा संपला होता. पण मिलिंदकडे जुन्या मॅच भरून ठेवलेल्या होत्या. पहिल्या शनिवारी त्यानं विचारलं, "आप्पा, बघता का?" आप्पा म्हणाले, "गोल दांडक्यानं काय खेळायचं? विटीदांडू मी सोडून साठ वर्षं झाली." आणि त्यांनी खुर्ची टीव्हीकडे पाठ करून वळवली, दिवाळी अंक उघडला.

मी पोहे द्यायला गेले तर ते एका कथेचं पहिलं पान वाचत होते. चहा द्यायला गेले, तेव्हाही तेच पान. खिडकीच्या काचेत टीव्ही अख्खा दिसत होता.

मधेच आप्पा अंकात बघतच म्हणाले, "तो मुद्दाम बाद झाला काय रे?"

मिलिंद दचकला. "हो आप्पा. त्यानं मुद्दाम चेंडू हळूच पुढ्यात सोडला. तो बाद होणारच होता. पण सगळे त्याच्या मागे लागले तेवढ्यात त्याचा जोडीदार पुढच्या बेसवर पोचला."

"आणि टाळ्या कसल्या वाजवतायत?"

"त्याच्यासाठीच. स्वतः बाद होऊन दुसऱ्याला पुढे पाठवलं म्हणून."

आप्पांनी अंक मिटला. मग म्हणाले, "तुझ्या आईला आवडला असता हा खेळ."

पुढच्या शनिवारी खुर्ची टीव्हीकडे वळलेली होती. मी वळवली नव्हती.

*

जानेवारीत इथली हवा अशी सुंदर असते, की घरात बसणं पाप. शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं समुद्रावर गेलो. मिलिंदनं वाळूवर मैदान आखलं. पहिला बेस पाण्याची बाटली, तिसरा बेस माझा जेवणाचा डबा, घरचा बेस म्हणजे घडी केलेली चादर. दुसऱ्या बेसला काही मिळेना, म्हणून त्यानं आप्पांची एक चप्पल मागितली. आप्पांनी दिली, पण बजावून, "नवीन आहे. जपून." आणि स्वतः एका पायात चप्पल घालून अंपायर म्हणून उभे राहिले.

इरानं टोला मारला, पळत दुसऱ्या बेसपर्यंत पोचली आणि चपलेवर पाय ठेवून ऐटीत उभी राहिली. भरती चढत होती याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. एक मोठी लाट आली आणि जाताना इराच्या पायाखालून चप्पल ओढून घेऊन गेली.

मिलिंदनं तेवढ्यात चेंडू उचलून इराला लावला आणि म्हणाला, "आउट! बेसवर नव्हतीस."

"नॉट फेअर!" इरा म्हणाली. "मी हललेच नाही!"

बापलेकीची चांगलीच जुंपली. मिलिंद नियम सांगायला लागला. मी चपलेमागे गुडघाभर पाण्यात. शेवटी दोघं आप्पांकडे आले. आप्पांनी मुख्याध्यापकाच्या आवाजात निकाल दिला, "खेळाडूनं बेस सोडलेला नाही. बेसनं खेळाडूला सोडलं. नाबाद."

मिलिंद म्हणाला, "आप्पा, असा नियम नाही."

"आता आहे. आणि चप्पल तू भरून देणार आहेस."

चप्पल काही मिळाली नाही. दुसरीही आप्पांनी तिथेच समुद्राला दिली. म्हणाले, "ज्याला मिळेल त्याला जोडी तरी मिळू दे."

*

त्याच सुमाराला सलीमनं बातमी आणली. मस्कतला, अल् खुवैरच्या बाजूला, एका मोकळ्या मैदानावर काही परदेशी माणसं दर शुक्रवारी बेसबॉल खेळतात. मिलिंदनं इतकी वर्षं बेसबॉल पाहिला होता, वाचला होता, आम्हाला शिकवला होता. खऱ्या सामन्यात एकदाही खेळला नव्हता. आम्ही चौघं पहाटे उठून, दशम्या बांधून, दोन-अडीच तास गाडी चालवून गेलो.

मैदानावर फिलिपिनो होते, दोन अमेरिकन होते, आणि चेंडू टाकायला होता लाहोरचा एक उंच माणूस. त्यांनी पाहुणा म्हणून मिलिंदला बॅटिंग दिली. तो बॅट खांद्यावर घेऊन उभा राहिला. इरानं माझा हात घट्ट धरला. आप्पा म्हणाले, "नजर चेंडूवर ठेव म्हणावं," पण तेही माझ्याकडे बघून.

पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला असा टोला बसला, की चेंडू दूर कुंपणाकडे गेला. आम्ही तिघंही उभे राहिलो. आणि मिलिंद पळत सुटला.

बेसबॉलमध्ये बॅट टाकून उजवीकडे पळायचं असतं. हे इरा पाच वर्षांची असताना तिला त्यानंच शिकवलेलं. पण आनंदाच्या भरात त्याच्या पायांना गुहागरचं मैदान आठवलं. तो बॅट हातात घेऊन नाकासमोर, सरळ चेंडू टाकणाऱ्याच्या दिशेनं पळाला.

"बाबा, राइट! राइट!" इरा ओरडत होती. त्याला वाटलं, ती शाबासकी देतेय. चेंडू टाकणाऱ्याच्या पलीकडे जाऊन त्यानं वाकून बॅट जमिनीला टेकवली आणि मागे वळून पाहिलं.

सगळं मैदान थांबलं होतं. लाहोरवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानं अदबीनं विचारलं, "भाईसाहब, दूसरा रन लेंगे?"

*

आणि आता शेवटचा.

आप्पांचं परतीचं विमान दुबईहून होतं. सोहारहून दुबई मस्कतएवढंच, फक्त मधे बॉर्डर. नेमके त्याच आठवड्यात दुबईला बेसबॉलचे सामने भरलेले होते, खरे, व्यावसायिक खेळाडूंचे. मिलिंदनं विमानाच्या आदल्या दिवशीच्या दुपारच्या मॅचची तिकिटं काढली, मैदानाच्या कडेची, लांबची. मी म्हटलं, इतक्या लांबून दिसणार काय? तेव्हा त्यानं सांगितलं, होमरनचा, म्हणजे षटकारासारखा, टोला बसून प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. घरी न्यायचा. जपानमध्ये वर्षभर तो दर सुट्टीला मुद्दाम तसल्याच जागेवर बसायचा. एकदाही चेंडू आला नाही. त्या दिवशी तो हातमोजा घालून बसला होता.

स्टँड अर्धाअधिक रिकामा होता. सहा डाव झाले, आमच्या बाजूला काही आलं नाही. सातव्यात आप्पा म्हणाले, "मिलिंद, चहा मिळेल का कुठे? घसा कोरडा पडलाय."

मिलिंद म्हणाला, "आप्पा, एवढा डाव होऊ द्या."

"बरं," आप्पा म्हणाले आणि खोकले.

मिलिंद उठला. हातमोजा त्यानं इराकडे दिला. "धरून ठेव. लक्ष ठेव." इरानं मान हलवली आणि त्यात पॉपकॉर्न ओतून घेतले.

तो जिन्याखाली दिसेनासा झाला, आणि आवाज आला. कडक, सुका, लाकडाचा. चेंडू वर चढला, आणखी वर, आणि मग आमच्या दिशेनं उतरायला लागला. आजूबाजूची माणसं उठून हात पसरायला लागली. आप्पा शांतपणे उभे राहिले. डावीकडे दोन पावलं सरकले. दोन्ही तळवे जोडून छातीशी धरले, चेंडू आला तसे हात मागे घेतले, आणि झेल.

सगळा स्टँड ओरडला. समोरच्या मोठ्या पडद्यावर आप्पा दिसायला लागले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मागचा एक माणूस म्हणाला, "अंकल, वंडरफुल!" पण आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांना मैदानावर माणसं पळताना दिसत होती. त्यांनी खांदा मागे घेतला आणि चेंडू जोरात मैदानात फेकला.

इरा म्हणाली, "आजोबा, नो!" पण चेंडू गेला होता.

जवळच्या खेळाडूनं तो धरला. चेंडूकडे पाहिलं, वर आप्पांकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. लोक आधीपेक्षा जोरात टाळ्या वाजवायला लागले. आप्पा खाली बसले आणि हात चोळत मला म्हणाले, "पळत होते ना ते. उशीर झाला बहुतेक."

इरा जिन्याकडे बघत होती. मिलिंद चहाचे दोन कप सांभाळत जिना चढून वर आला. लोक वळून वळून आमच्याकडेच बघत होते.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

इरा म्हणाली, "आजोबांनी कॅच घेतला. होमरनचा."

मिलिंदनं आप्पांच्या हातांकडे पाहिलं. तळवे लालभडक झाले होते आणि रिकामे होते.

"बॉल?"

"दिला," आप्पा म्हणाले.

"कोणाला?"

"त्यांचा होता. त्यांना दिला."

मिलिंद कप घेऊन तसाच उभा राहिला. पुढचा बॅटर आला, एक चेंडू पडला, दुसरा पडला. मग तो आप्पांच्या शेजारी बसला. आप्पांना कप धरता येईना, बोटं मिटत नव्हती. मिलिंदनं आपला कप खाली ठेवला आणि त्यांचा कप स्वतःच्या हातानं त्यांच्या ओठांशी धरला. आप्पांनी एक घोट घेतला, मग दुसरा.

"थ्रो कसा होता?" मिलिंदनं विचारलं.

"एक टप्पा," आप्पा म्हणाले. "पण सरळ हातात."